ओली हिंज

१

जीभ लावून हिंज ओली करणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. हिंज म्हणजे नखाएवढा पातळ कागद, एका बाजूला डिंक. मध्ये दुमडायचा, अर्धा भाग पोस्टाच्या तिकिटाच्या पाठीला आणि अर्धा अल्बमच्या पानाला चिकटवायचा. ओल्या स्पंजवर नुसता टेकवला तरी भागतं. पण जुन्या लोकांना जीभच लागते. सगळीकडे थुंकी, आणि निस्तरायला मी.

अथेन्समध्ये ओमोनियाजवळच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. आधी वडील चालवायचे, आता मी. आमच्या देशाची पहिली तिकिटं, ती पंखवाल्या टोपीतल्या हर्मीस देवाची, त्यांना आम्ही धंद्यातले लोक ‘मोठी डोकी’ म्हणतो. त्यांना दाते नसतात, कात्रीने कापलेली असतात, म्हणून चारही बाजूंचा कोरा काठ बघायचा. रंगाची छटा बघायची. पाठीवर छापलेला आकडा बघायचा. छपाई पॅरिसची की अथेन्सची ते ओळखायचं आणि किंमत सांगायची. लोक आजोबांची पेटी घेऊन येतात ती बेटावर घर घ्यायच्या तयारीने. मी सांगते ती रक्कम ऐकली की मला चोर ठरवून निघून जातात. हे रोजचंच आहे, त्याचं मला काही वाटेनासं झालंय.

फोकिओन मात्र कधी काही विकायलाच आला नाही. दर रविवारी तिकीटवाले चौकात टेबलं मांडतात, तिथे तो यायचा आणि फक्त घ्यायचा. तिकीट घेतलं की तिथल्या तिथे खिशातून हिंज काढायची. विकतची नाही, तो इतका चिक्कू की तिकिटांच्या अख्ख्या कागदाची कडेची कोरी डिंकाची पट्टी कापून घरी हिंजा करायचा, वाकड्यातिकड्या. मग जिभेचं टोक बाहेर काढून सावकाश, चव घेत ती चाटायची. तिकीट छोट्या अल्बमात दाबायचं आणि म्हणायचं, “बसलं.” वडील हसायचे. मी लहान होते, तोंड फिरवायचे.

तो या हिवाळ्यात गेला. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आणि उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वगैरे झाल्यावर त्याच्या बहिणीचा, एव्हान्थियामावशीचा, फोन आला. मावशी सख्खी नाही, लहानपणापासून मी तसं म्हणते एवढंच.

“क्लिओ, पोरी, ये आणि ती डोकी बघून जा. विकून टाकू. घराचा भाडेकरार महिनाअखेर संपतोय, आणि झोइत्सा तिकडे गॅलक्सीदीला माझ्यासाठी खोली रंगवून बसलीय.”

“झोइत्सा म्हणजे तुमची मावसबहीण ना?”

“तीच. तिचा नवरा गेला तेव्हापासून माझ्या मागे लागलीय. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. जन्मभर मी फोकिओनच्या शर्टाच्या कॉलरी घासल्या, क्लिओ. आता मला समुद्र बघायचाय.”

मी म्हटलं, उद्याच येते.

२

किप्सेलीतलं भावाबहिणीचं ते तिसऱ्या मजल्यावरचं घर मला आठवत होतं त्याहून लहान निघालं. दारातून आत आलं की लांबट बोळ, त्यात भिंतीला टेकवलेली एक खुर्ची आणि फोन. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, त्याची खिडकी मागच्या चौकात उघडते. मधे जेवणाची खोली. जेवणाची खोली आणि फोकिओनची खोली यांच्यामध्ये दुधी काचेचं दुहेरी दार, ते बंद. अल्बम जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले होते.

कामाला लागले. संग्रह उत्तम होता, हे कबूल केलं पाहिजे. पॅरिसच्या छपाईची दहा लेप्ता किमतीची नारिंगी डोकी, पाठीवर मोठा दहाचा आकडा, काठ भरपूर. अशी तिकिटं बघितली की माझा मूड पाच मिनिटं तरी बरा राहतो. किंमत करायची तर तिकीट पानावरून सोडवून पाठ बघावी लागते. जुनी वाळलेली हिंज चिमट्याने हलकेच उचलली की सुटते. ओली असेल तर मात्र हात लावायचा नाही. ओल्या हिंजेबरोबर तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा निघून येतो. समोरून काही कळत नाही, पण उजेडासमोर धरलं की तेवढ्या जागेतून प्रकाश जास्त येतो. आमच्यात म्हणतात, पातळ पडलं. पातळ पडलेल्या तिकिटाला कोणी विचारत नाही. वाळू द्या हो, वाळू द्या, हे गिऱ्हाइकांना ओरडून सांगता सांगता माझा घसा गेलाय.

मावशीने कॉफी आणली, बशीत मुरवलेली कडू संत्र्याची साल आणि पाण्याचे दोन ग्लास. एक ग्लास तिचाच होता. दोन वाक्यं बोलली की घोट घ्यायची.

“एवढं पाणी पिता?”

“रक्तदाबाच्या गोळ्या. तोंडाचं वाळवंट झालंय. तू काम कर, मी बडबडत बसते.”

दुपारपर्यंत पहिला अल्बम रिकामा केला. एकेक तिकीट पारदर्शक पाकिटात घालून पत्र्याच्या डब्यात लावलं. किंमत ठरून सही होईपर्यंत मालकाच्या घरातून एकही तिकीट हलवायचं नाही, हा वडिलांचा नियम मी आजवर मोडलेला नाही. डबा टेबलावर ठेवला आणि घरी आले. दिवस चांगला गेला होता.

३

दुसऱ्या सकाळी डबा रिकामा होता.

म्हणजे पाकिटं होती, शिस्तीत लावलेली. आत काही नव्हतं. मग अल्बम उघडला, तर सगळी डोकी आपापल्या चौकटीत, सरळ रांगेत बसलेली. चिमट्याने एकाची कड उचलून पाहिली. हिंज नवी होती, हाताने कापलेली, वाकडी. आणि ओली.

“मावशी, काय केलंत हे तुम्ही?”

“काय केलं? कॉफी केली.”

“तिकिटं परत लावलीत.”

“मी?” मावशी दारातच थांबली. “त्याच्या तिकिटांना मी आयुष्यात बोट लावलं नाही. लावलं असतं तर बोट राहिलं असतं का जागेवर?”

“मग कोणी लावली? कालचा माझा अख्खा दिवस पाण्यात गेला. तुम्हाला विकायची नसतील तर तसं सांगा, मला रिकामपणाचे उद्योग नाहीत.”

तिने ग्लास खाली ठेवला, माझ्यासमोर आली आणि आ करून जीभ बाहेर काढली. जीभ पांढरट, भेगाळलेली, कोरडी ठाक होती.

“बघ नीट, भिंग लावून बघ. चर्चमधला पावाचा तुकडा मला पाण्याशिवाय गिळता येत नाही. मी कसले चाटतेय तुझे कागद? विकायची नाहीत म्हणे. माझी बॅग भरून ठेवलीय, ती दाखवू?”

मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही. घरात दुसरं कोणी येत नव्हतं. किल्ली तिच्या एकटीकडे. म्हातारपणी माणसं झोपेत उठून काहीबाही करतात, असं मी मनाशी ठरवलं आणि हिंजा वाळायची वाट बघत बसले. त्या वाळेनात. आफ्रिकेकडचा दमट वारा सुटला होता, त्याला दोष दिला. शेवटी दुसरा अल्बम घेतला, त्यातली वाळलेली तिकिटं सोडवली, डबा दोरीने बांधला आणि जेवणाच्या खोलीला कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दोरी तशीच, गाठ माझीच. तिकिटं पानावर. हिंजा ओल्या.

मी खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावला. माझ्या धंद्यात खोटे शिक्के पाहिलेत, रंगवलेले काठ पाहिलेत, दोन फाटकी तिकिटं जोडून केलेलं एक पाहिलंय. प्रत्येक लबाडीमागे कोणाचा तरी फायदा असतो. इथे कोणाचा फायदा होता, तेच मला कळेना.

४

त्या दिवशी मी दुपारी घरी गेले नाही. ठरवलं, इथेच बसायचं आणि बघायचं.

दुपारची झोपेची वेळ आमच्याकडे पक्की. त्या वेळात अख्खी इमारत गप्प होते, खुर्चीसुद्धा कोणी सरकवत नाही. मावशी तिच्या खोलीत आडवी झाली. मी जेवणाच्या खोलीत दार लावून बसले. समोर पत्र्याचा डबा, त्यात तिसऱ्या अल्बमातून सोडवलेली थोडी तिकिटं. खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा टेबलावर पडल्या होत्या. मला स्वतःचंच हसू येत होतं. पदवीधर बाई, धंद्यात नाव असलेली, आणि पोस्टाच्या तिकिटांवर पहारा करतेय.

आवाज इतका लहान होता की आधी वाटलं, नळ ठिबकतोय. मग लक्षात आलं की त्याला ताल आहे. काहीतरी ओलं कागदावरून फिरायचं, सावकाश, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. आवाज दुधी काचेच्या दारापलीकडून येत होता.

मांजर असेल. मांजरं अंग चाटतात, असाच आवाज येतो. मी उठले आणि दार उघडलं. खोलीत लोखंडी पलंग, गुंडाळून ठेवलेली गादी, रिकामं कपाट. खिडकी बंद होती. मांजर नव्हतं. डिंकाचा वास मात्र होता, गोडसर, तोंडात पाणी आणणारा. मी दार लावलं. वळले तर डब्यातली पाकिटं रिकामी होती.

मी नियम मोडायचं ठरवलं. अल्बमच उचलून दुकानात न्यायचे. पहिला अल्बम उचलायला गेले, तो उचलेना. टेबलाला चिकटला होता. चारी कोपऱ्यांना नखाएवढे चार कागद होते.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि भीती वाटली म्हणून आणखी संताप आला.

५

“मावशी, तुमचं गॅलक्सीदीच्या बसचं तिकीट कुठाय?”

हे मी दुसऱ्या सकाळी विचारलं, कारण ते माझ्यासमोर होतं. शेवटच्या अल्बमच्या कोऱ्या पानावर, बरोबर मधोमध. त्याखाली झोइत्साने पाठवलेला फोटो, खोलीची खिडकी आणि पलीकडे पाण्याचा तुकडा. दोन्हींना हिंजा लावलेल्या. भोवती पेन्सिलीने आखलेली चौकट, नाजूक, पट्टीने काढलेली.

मावशीने चष्मा लावून पाहिलं. मला वाटलं ती किंचाळेल. ती पाणी प्यायली.

“पूर्वीही असंच व्हायचं,” ती म्हणाली.

“काय व्हायचं?”

“मला पात्रासला शाळेत नोकरी मिळाली होती. तेविसाव्या वर्षी. जायच्या दिवशी रेल्वेचं तिकीट सापडेना. खूप वर्षांनी त्याच्या अल्बमात दिसलं. दोन डोक्यांच्या मधे, छान लावलेलं.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोलले ना. म्हटलं, फोकिओन, हे काय? तर म्हणाला, हरवलं असतं, म्हणून नीट ठेवलं.” ती हसली. “त्याचं काही हरवलेलं त्याला चालायचं नाही गं. जिवंत होता तेव्हा निदान भांडता यायचं.”

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसावर ओरडण्यात काय अर्थ आहे, पण मी दुधी काचेकडे तोंड करून ओरडले. बेशरम म्हटलं, आणखीही काही म्हटलं. मावशी म्हणाली, “शेजारी ऐकतील, पोरी.”

“ऐकू देत. मावशी, तिकिटं गेली चुलीत. तुम्ही आजच निघा.”

“आणि पैसे? झोइत्साकडे काय फुकट खायचं?”

“ते मी बघते. डोकी कुठे पळून जात नाहीत, ते तर आपण पाहतोच आहोत. तुम्ही एकदा त्या खिडकीपाशी जाऊन बसा, मग मी इथे सुतार आणते नाहीतर पाद्री आणते. मी स्वतः सोडते तुम्हाला गाडीने. बसच्या तिकिटाची गरजच नाही.”

ती आत जाऊन निळा कोट घालून आली. ओठांना लालीसुद्धा लावली होती.

६

निघेपर्यंत दुपार झाली. मावशी बोळातल्या खुर्चीवर बसली, बॅग पायाशी. मी गाडीची किल्ली घ्यायला जेवणाच्या खोलीत गेले. माझी पर्स तिथे टेबलावर होती.

इमारत गप्प झाली होती. पर्स उचलली आणि तो आवाज आला.

या वेळी तो जवळून आला. दुधी काचेवर, माणसाचा चेहरा येईल तेवढ्या उंचीवर, वाफेचा एक डाग होता. कोणी आतून काचेशी तोंड नेऊन श्वास सोडावा तसा. डाग लहान झाला, पुन्हा मोठा झाला. त्याच्या मधोमध काहीतरी गुलाबी काचेला टेकलं आणि खालून वर सरकलं. मागे ओली रेघ राहिली.

मी दार उघडलं नाही. मला विचारतील तर मी सांगेन की घाई होती. मी पर्स छातीशी धरून बोळात पळत आले.

“चला मावशी, उठा.”

ती उठली नाही.

“क्लिओ, मला मागे काहीतरी गार लागलं,” ती म्हणाली. “आणि आता मला मान हलवता येईना.”

मी तिच्या मागे वाकून पाहिलं. तिचे पांढरे केस वर अंबाड्यात बांधलेले होते. मानेच्या खळगीत वाकडा कापलेला एक कागद चिकटला होता. अर्धा तिच्या कातडीला, अर्धा भिंतीला.

खरं सांगते, मला हसू आलं. नखाएवढा कागद, आणि सत्तरी उलटलेली धडधाकट बाई त्याला अडकून बसलीय. गाडी खाली उभी, बॅग भरलेली, तिकडे खोली रंगवलेली, आणि मधे एवढीशी चिठ्ठी. इतक्या दिवसांचा वैताग एकदम डोक्यात गेला.

“पुरे झाला हा तमाशा,” मी म्हटलं आणि कागदाचं टोक चिमटीत धरलं.

“क्लिओ, ओला आहे का गं तो?” मावशीने विचारलं.

मी ओढला.

७

तो सहज निघाला. रक्त आलं नाही. मावशी ओरडली नाही, नुसती पुढे झुकली आणि उभी राहिली.

“सुटलं,” ती म्हणाली. “काही दुखलंही नाही.”

ती बॅग घ्यायला वळली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली. मी तिच्या मागे होते, चिमटीत कागद धरून. कागदाच्या आतल्या बाजूला काहीतरी पांढरं, तलम चिकटून आलं होतं. मी वर बघितलं. तिच्या मानेच्या खळगीत कागदाच्याच आकाराचा एक डाग होता आणि त्यातून उजेड येत होता. खिडकीचा. गजांच्या दोन रेघा मला दिसल्या, तिच्या गळ्यातून, अगदी स्पष्ट.

ती वळून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. ती काही धंद्यातली नव्हती. पण जन्म गेला होता तिचा त्याच्याबरोबर.

“पातळ पडलं का?” तिने विचारलं.

“मावशी, काही होत नाही. स्कार्फ बांधू. कोणाला दिसणार आहे?”

“झोइत्सा सकाळी खिडकी उघडते,” ती म्हणाली. “समोर सगळा उजेड असतो.”

“मग काय झालं?”

“वाळू द्यायचं होतंस गं.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. “वाट बघितली असती. एवढी बघितली, आणखी थोडी.”

तिने कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट खुंटीला लावला आणि हाताच्या मागच्या बाजूने ओठांची लाली पुसली. मी तिचा दंड धरला. म्हटलं, मी उचलून नेते तुम्हाला, चुकलं माझं, चला. मी रडत होते. तिने माझा हात सोडवला, हलकेच, एकेक बोट.

फोन वाजला. कोणीच घेईना म्हणून मी घेतला.

“निघाली का एव्हान्थिया?” झोइत्सा विचारत होती. तिचा आवाज मोठा आणि खुशीत होता. मागे कुठेतरी लाटा ऐकू येत होत्या. “क्लिओ ना तू? मी केव्हाची फोनपाशी बसलेय. रंग वाळलाय हो. पडदे लावलेत. मासे आणून ठेवलेत. निघाली का?”

मावशी खुर्चीवर परत बसली होती. पाठ भिंतीला लावून, पाय जुळवून. जेवणाच्या खोलीच्या दारापलीकडे पुन्हा तो आवाज सुरू झाला. त्याला अजिबात घाई नव्हती. तिने तो ऐकला. मग मान खाली घातली आणि मानेवरचे सुटे केस दोन्ही हातांनी वर धरले.

“क्लिओ? ऐकतेयस ना?” झोइत्सा म्हणाली. “तिला विचार, पलंग खिडकीपाशी लावू की भिंतीपाशी?”